बर्फाला सहाच हात

झाशीला बदली झाल्याची ऑर्डर आली तेव्हा घरात सगळ्यांना एकच आठवलं, राणी. आईने फोनवर पहिला प्रश्न विचारला, "किल्ला बघितलास का?" मी अजून सामानाचे खोकेही उघडले नव्हते. मराठी माणसाचं या गावाशी नातंच तसं आहे. नेवाळकर मूळचे रत्नागिरीकडचे, आणि 1857च्या धामधुमीत पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे इथवर पोचले होते. त्यामुळे आपल्याकडे झाशी म्हटलं की लोक सुट्टीत बघायच्या ठिकाणांची यादीच सांगायला लागतात.

माझ्या मनात मात्र ऑर्डर वाचता वाचता दुसरंच गाव आलं. मऊरानीपुर. झाशीपासून साधारण 65 किलोमीटर, खजुराहोच्या रस्त्यावर. तिथे माझ्या जुन्या पलटणीतला एक माणूस राहतो. 18 वर्षांत आम्ही भेटलो नव्हतो. दिवाळीला आणि पलटणीच्या रेझिंग डेला फोन व्हायचा, "सब ठीक साहब", "सब ठीक उस्ताद", एवढंच.

उस्ताद हे त्यांचं नाव नाही. नाव लिहू नका असं त्यांनीच सांगितलं, म्हणून लिहीत नाही. पोस्टवर फाटलेलं काहीही शिवून देणारे म्हणून पोरांनी त्यांना उस्ताद म्हणायला सुरुवात केली आणि ते तसेच राहिले. तेव्हा ते नाईक होते, मी कॅप्टन. ते हवालदार म्हणून निवृत्त झाले, त्यालाही आता काही वर्षं झाली.

जूनमध्ये मी झाशीला आलो आणि नोव्हेंबर उजाडला तरी मऊरानीपुरला गेलो नव्हतो. 65 किलोमीटर म्हणजे गाडीने दीड तास. कामं होती हे खरं, पण दर रविवारी सापडणारी सबब खरी नसते हे खडकवासल्याला पहिल्याच टर्ममध्ये शिकवलं जातं.

निमित्त शेवटी माझ्या पत्नीने पुरवलं. डिसेंबरमध्ये कॅन्टोन्मेंटमधल्या मुलांची पार्टी आणि महिलांचा छोटा मेळा असतो. त्यासाठी सजावट हवी होती. चायनीज प्लॅस्टिक नको, हाताने केलेलं हवं, असं तिचं म्हणणं. झाशीत ते अवघड नाही. उत्तर प्रदेश सरकारने 2018 मध्ये ‘एक जिल्हा, एक उत्पादन’ योजना आणली तेव्हा झाशीच्या वाट्याला सॉफ्ट टॉइज आले. कापडी अस्वलं, हत्ती, ससे शिवणाऱ्या बायका इथे गल्लोगल्ली आहेत. अशाच कुणाकडून चौकशी करत पत्नीला मऊरानीपुरच्या एका बचत गटाचा नंबर मिळाला. फेल्टच्या चांदण्या, हिमकण, बर्फाचे बाहुले, छोटे हातमोजे, त्यावर मणी आणि भरतकाम. गट चालवणाऱ्या बाईंनी फोनवर सांगितलं, "हमारे घरवाले भी फौज में थे." पत्नीने पलटणीचं नाव विचारलं आणि फोन माझ्या हातात दिला.

मग सबब उरली नाही.

रविवारी सकाळी निघालो. बेतवा ओलांडली, बरुआ सागरचा तलाव मागे पडला. पुढे निवाडी लागतं. तेवढा तुकडा मध्य प्रदेशात येतो, म्हणजे उत्तर प्रदेशातून उत्तर प्रदेशात जाताना मध्येच दुसरं राज्य. शेतात हरभरा वर आला होता. मऊरानीपुर सुखनई नदीच्या काठी आहे. भाद्रपदात इथे जलविहाराचा मेळा भरतो, देव पालखीतून नदीवर येतात. गाव जुन्या कापडाच्या पेठेचं. एके काळी इथला खरुआ प्रसिद्ध होता, आल नावाच्या झुडपाच्या मुळांपासून काढलेल्या लाल रंगात रंगवलेलं जाड कापड. युरोपातून कृत्रिम रंग आले आणि आलीची शेती संपली. पण कापड या मातीतून गेलं नाही. शेजारच्या रानीपुरात आजही यंत्रमागांचा खडखडाट ऐकू येतो, तिथलं टेरीकॉट बुंदेलखंडात सगळ्यांना माहीत.

उस्ताद गल्लीच्या तोंडाशी उभे होते. केस पांढरे झालेले, पाठ तशीच ताठ. त्यांनी कडक ‘राम राम साहब’ केला. मी हात पुढे केला. त्यांनी उजवा हात दिला. डावा हात शालीच्या आत होता.

अंगणात उन्हात सतरंजी घातलेली. भाभीजी, त्यांची सून आणि शेजारच्या चार बायका कामाला बसलेल्या. मध्ये फेल्टचे निळे, पांढरे, लाल ताव. स्टीलच्या ताटल्यांत काचेचे मणी. उत्तर प्रदेशातल्या पुर्दिलनगरचे काचमणी नावाजलेले आहेत. आपण पोतेला वापरतो तसलेच बारीक मणी, फक्त पांढरे आणि चंदेरी.

फेल्ट म्हणजे काय हे मला आधी नीट माहीत नव्हतं. ते विणलेलं नसतं. लोकरीच्या केसावर बारीक खवले असतात. ओल, ऊब आणि दाब मिळाला की ते एकमेकांत अडकतात आणि पुन्हा सुटत नाहीत. काश्मिरी नमदा तोच, आणि आपल्याकडे धनगर जे ‘जेन’ वापरतात ते लोकरीचं जाड अंथरूणही त्याच जातीचं. बाजारात मिळणारे स्वस्त ताव पॉलिएस्टरचे असतात, काटेरी सुयांनी टोचून टोचून धागे गुंतवलेले. पण गुण तोच, कापलेल्या कडेतून सूत सुटत नाही. दुमडून शिवावं लागत नाही. कापा, दोन तुकडे एकावर एक ठेवा, कडेने काजाचा टाका घाला, शेवटचं बोटभर तोंड उघडं ठेवून कापूस भरा आणि बंद करा.

"ज्याची बोटं नीट चालत नाहीत त्याच्यासाठी हे कापड देवाने बनवलंय," भाभीजी हसत म्हणाल्या. मग एकदम गप्प झाल्या.

तोवर उस्ताद सतरंजीवर बसले होते आणि डावा हात बाहेर आला होता. तर्जनी आणि मधलं बोट पहिल्या पेरापाशी संपतं. त्या दोन खुंटांखाली त्यांनी फेल्टचा तुकडा अंगठ्याने दाबून धरला आणि उजव्या हाताने टाके घालायला लागले. सारखे, एकाच अंतराचे. माझ्या आईच्या गोधडीवरच्या धावदोऱ्याची आठवण झाली.

माझ्या पत्नीने नमुना म्हणून इंटरनेटवरचं एक चित्र पाठवलं होतं. निळ्या फेल्टवर पांढऱ्या मण्यांचा हिमकण. भाभीजींनी तयार तुकडे पुढे ठेवले. सुंदर होते, पण चित्रासारखे नव्हते. चित्रात आठ हात होते, यांच्या हिमकणाला सहा.

"आठ का नाही केले?" मी विचारलं.

"इनसे पूछो. मैंने आठ काटे थे, इन्होंने सब वापस कर दिए."

उस्तादांनी मान वर केली नाही. "बर्फ के छह होते हैं साहब. मैंने गिने हैं. दस्ताने पर गिरती थी, तब गिनता था. छह महीने में एक भी आठ वाली नहीं गिरी."

त्यांचं बरोबर आहे. योहानेस केप्लरने 1611 मध्ये प्राग शहरात आपल्या एका आश्रयदात्याला नववर्षाची भेट म्हणून छोटी पुस्तिका लिहिली, विषय हाच, हिमकणाला सहाच कोन का? त्याला उत्तर पक्कं सापडलं नाही. ते मिळायला विसावं शतक उजाडलं. पाण्याचे रेणू गोठताना षटकोनी जाळीत बसतात, म्हणून कण वाढतो तो सहा दिशांनी. अमेरिकेत व्हर्मांटच्या विल्सन बेंटली नावाच्या शेतकऱ्याने 1885 मध्ये सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून हिमकणाचा पहिला फोटो काढला आणि आयुष्यभरात 5000 हून जास्त काढले. आठ हातांचे हिमकण कागद अर्ध्यात, पुन्हा अर्ध्यात आणि पुन्हा अर्ध्यात दुमडून कापल्यामुळे होतात. सहासाठी अर्ध्या कागदाचे तीन सारखे भाग दुमडावे लागतात, आणि तो कंटाळा बहुतेक लोक करतात. उस्तादांनी पुठ्ठ्याचा साचा तसाच केला होता. साबणाच्या चिपेने निळ्या फेल्टवर रेघा आखायच्या, मग कातरी.

मणी ओवण्याचीही त्यांची रीत होती. सुई ताटलीत खुपसून एका वेळी तीनच मणी उचलायचे, आणि तीन झाले की मागे एक बारीक गाठ. "एक जगह से टूटे तो पूरी लाइन न जाए," ते म्हणाले. मी हसलो. पोस्टवरच्या दोरखंडालाही आम्ही माणसं याच हिशोबाने बांधायचो, एक घसरला तर सगळे जाऊ नयेत.

"साहब, एक बात बताओ," भाभीजींनी पांढरा बाहुला उचलला. लाल मफलर, नारिंगी नाक, डोळ्यांना काळ्या दोऱ्याच्या गाठी. "सच में लोग बर्फ का ऐसा आदमी बनाते हैं? ये कहते हैं, झूठ है."

बुंदेलखंडात मे महिन्यात पारा 45च्या वर जातो. या बाईंनी आजवर शेकडो बर्फाचे बाहुले शिवले, पण बर्फ पाहिला तो सरबताच्या गाडीवरचा.

मी म्हणालो, खालच्या पहाडात बनवतात. मनाली, शिमल्याचं बर्फ ओलसर असतं, दाबलं की चिकटतं. आम्ही होतो तिथलं बर्फ इतकं कोरडं की मुठीत पिठासारखं. त्याचा लाडूसुद्धा वळत नाही.

"हओ," भाभीजी नवऱ्याकडे बघत म्हणाल्या. "मतलब आप दोनों सही."

आता मला सांगायला हवं, आम्ही कुठे होतो.

सियाचीनच्या ज्या धारेवर आपल्या चौक्या आहेत तिला सालतोरो म्हणतात. 13 एप्रिल 1984 रोजी ऑपरेशन मेघदूत सुरू झालं, तेव्हापासून तिथे आपले जवान आहेत. आमच्या पलटणीची पाळी आली तेव्हा मी 27 वर्षांचा होतो आणि एका पोस्टचा कमांडर. हाताखाली मोजकी माणसं, त्यात उस्ताद.

जानेवारीतली दुपार. आम्ही चौघे दोरीला बांधून शेजारच्या चौकीकडून परतत होतो. वाटेत माझ्या उजव्या हाताच्या बाहेरच्या मोज्याची शिवण अंगठ्याजवळ उसवली. तिथे हातात तीन थर असतात आणि वाऱ्याला अडवतो तो बाहेरचाच. पोस्ट अजून तासाभरावर होती. आम्ही एका खडकाच्या आडोशाला थांबलो. उस्तादांनी माझा मोजा मागितला. छातीच्या खिशातून ‘हाउसवाइफ’ काढली. सुई, दोरा, बटणं ठेवायच्या छोट्या पिशवीला फौजेत हेच नाव आहे. एनडीएत पिठ्ठूच्या प्रत्येक तपासणीत ती दाखवावी लागायची. मी ती पूर्ण तीन वर्षं बाळगली आणि एकदाही उघडली नाही.

मोठ्या मोज्यात सुई धरता येत नाही. त्यांनी दोन्ही हातांचे बाहेरचे मोजे काढले, मग मधलेही. मी बघत होतो. माझ्या तोंडातून शब्द निघाले ते असे, "जल्दी करो."

‘नको, घाल मोजे’ असं निघायला हवं होतं. माझ्या पिठ्ठूत जाड लोकरी सॉक्स होते, ते हातावर चढवून तासभर काढता आला असता. हे मला त्या रात्री अंथरुणात सुचलं. त्या क्षणी मला स्वतःच्या बोटांची काळजी होती, बस.

पाच मिनिटांचं काम बारा मिनिटं चाललं. पोस्टवर पोचलो तेव्हा त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं मेणासारखी पांढरी झाली होती. ते म्हणाले, "दर्द नहीं है साहब." हिमदंशात सगळ्यात वाईट वाक्य तेच. थंडीत शरीर पोटातली ऊब राखायला हातापायांचं रक्त आखडून घेतं. आधी झोंबतं, मग दुखतं, मग दुखायचं थांबतं. माणसाला वाटतं, बरं झालं.

पुढचं आम्ही पुस्तकाप्रमाणे केलं. चोळलं नाही, स्टोव्हवर शेकलं नाही, 37 ते 39 अंशांच्या पाण्यात हात बुडवून ठेवला. तिसऱ्या दिवशी हवा उघडली, चीता हेलिकॉप्टर आलं. लेहच्या लष्करी इस्पितळात आणि पुढेही डॉक्टरांनी घाई केली नाही. मेलेला भाग आणि जिवंत भाग आपोआप वेगळा दिसायला अनेक आठवडे लागतात, तोवर थांबायचं असतं. शेवटी दोन पेरं गेली.

घटनेचा अहवाल मी लिहिला. कारणाच्या रकान्यात लिहिलं, ‘प्रतिकूल हवामान’. ते खोटं नव्हतं. पण ज्याची शिवण उसवली होती तो मोजा कुणाचा, हे त्यात नव्हतं. कुणी विचारलंही नाही. उस्तादांना त्यांचं जे मिळायचं ते मिळालं, पुढची नोकरी त्यांनी स्टोअरमध्ये काढली. आणि मी 18 वर्षं ‘सब ठीक उस्ताद’ म्हणत राहिलो.

जेवण झालं. बायका आत गेल्या. उस्ताद पुन्हा उन्हात सरकून बसले. थंडीत ती दोन बोटं अजून ठणकतात, हिमदंश झालेला भाग आयुष्यभर थंडीला हळवा राहतो. म्हणून हिवाळ्यात ते ऊन जिथे जाईल तिथे काम घेऊन जातात. त्यांच्यापुढे आता लाल फेल्टचे चिमुकले हातमोजे होते, झाडाला टांगायचे. बाकी सगळ्या वस्तूंना कडेने एकच टाका होता. मोज्यांना अंगठ्याच्या बेचक्यात दुहेरी.

मी ते पाहिलं, आणि आता नाही बोललो तर कधीच नाही, असं वाटलं. सगळं सांगितलं. सॉक्स, ‘जल्दी करो’, अहवालाचा रकाना. हिंदीत सांगितलं, मध्येच मराठीत गेलो, पुन्हा हिंदीत आलो.

त्यांनी टाका पुरा केला. मग विचारलं, "साहब, वो सिलाई टिकी थी?"

"हाँ," मी म्हणालो. "शेवटपर्यंत. खाली उतरून सामान जमा केलं तेव्हाही तशीच होती."

"मैंने दो टाँके ज़्यादा डाले थे," ते म्हणाले. "आपने जल्दी कहा, मैंने सोचा, बीच रास्ते में फिर खुली तो? वो दो टाँके मेरे हैं." थोड्या वेळाने पुढे म्हणाले, "बाकी आपके हैं. वो मैं नहीं लूँगा."

बरं वाटावं म्हणून बोलणारा माणूस नव्हे तो. ‘छोड़ो साहब, ड्यूटी थी’ असं ते म्हणाले असते तर मी हलका होऊन परतलो असतो आणि आठवडाभरात पुन्हा जड झालो असतो. त्यांनी हिशोब केला, आपला वाटा उचलला आणि माझा माझ्याकडे ठेवला. पोस्टवर रॉकेलचे डबेही ते असेच मोजून द्यायचे.

हे वाचणाऱ्यांत काही तरुण अधिकारीही असतील. त्यांच्यासाठी एवढंच. तुमच्यासाठी हातमोजा काढणारा माणूस दिसला तर त्याला घाई करायला सांगू नका, थांबवा. आणि अहवालात रकाना छोटा असला तरी पूर्ण वाक्य लिहा.

उन्हं कलायला लागली तसं मी विचारलं, इथे सगळ्यात अवघड काम कोणतं?

"सुई में धागा डालना," ते म्हणाले. मण्यांची सुई केसासारखी बारीक, तिचं नाक त्याहून बारीक. डाव्या हाताच्या चिमटीत ती धरली जात नाही. रोज सकाळी शाळेत जाण्याआधी नात दहा-बारा सुया ओवून उशीला टोचून ठेवते. त्या संपल्या की काम थांबतं. आज रविवार, नात मामाकडे गेलेली, आणि उशीवरच्या सुया दुपारीच संपल्या होत्या.

मी चष्मा लावला. पहिल्या सुईला बराच वेळ लागला. दोरा ओला केला, तिरका कापला, तरी तीनदा चुकला. उस्ताद काही न बोलता बघत होते. बाराव्या सुईपर्यंत हात बसला. एकेक ओवून मी उशीला टोचत गेलो, ते एकेक उचलत गेले.

निघताना पत्नीच्या ऑर्डरचं खोकं गाडीत ठेवलं. हिमकण सगळे सहा हातांचे. मी पैसे दिले, भाभीजींनी मोजून घेतले, आठवणीने पावती दिली. मेळ्यात कुणी विचारलंच, की नेटवर तर आठ हातांचे दिसतात, तर मी सांगणार आहे की हे मोजून केलेले आहेत.

जानेवारीत पुन्हा जायचं ठरवलं आहे. थंडी वाढली की नातीची शाळा उशिरा सुरू होते, पण परीक्षा असतात, तिला वेळ होत नाही. रविवारच्या सुया माझ्याकडे.

जय हिंद.